उष्णतेचा चौथा स्रोत

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात मी फक्त दोनदा गप्प बसले. एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात दोन्ही हात घातले होते तेव्हा. दुसऱ्यांदा का, ते सांगायलाच आज हे लिहायला बसले आहे.

तेव्हाची सुलभा म्हणजे वय पंचावन्न, गुडघे शाबूत, आवाज त्याहून शाबूत आणि राग कायम उतू जायच्या बेतात. आज नातवंडांना वाटतं की आजी जन्मापासून अशीच, मऊ भातासारखी. (वाटू दे! त्यांची आई, म्हणजे माझी मेधा, सगळं जाणून आहे. तिनं तोंड उघडू नये म्हणून मी तिला अजून चकल्या पुरवते.)

आमचे हे, म्हणजे वसंतराव, डेट्रॉइटजवळच्या एका गाड्यांच्या कंपनीत जन्मभर इंजिनं तपासून निवृत्त झाले आणि घरी बसून मला तपासायला लागले. "अगं, कालच्यापेक्षा आज कुकरची शिट्टी उशिरा का झाली?" असं घड्याळ हातात धरून विचारणारा नवरा दिवसभर घरात ठेवणं त्याच्याच तब्येतीला धोक्याचं होतं. म्हणून आम्ही तिथल्याच ट्रॉय गावात दुकानांच्या एका रांगेत पोळी-भाजीचं दुकान काढलं. डावीकडे नखं रंगवायचं सलून, उजवीकडे ड्रायक्लीनर, मधे आम्ही. पुण्या-नागपुरातून नोकरीला आलेली मुलं यायची, "काकू, आज आमटी आहे का यार?" म्हणायची आणि काकूला यार म्हटल्याबद्दल आधी ओरडा, मग आमटी खायची.

दुकानाच्या सपाट छतावर एक जुनाट यंत्र होतं. हिवाळ्यात गॅसवर हवा तापवायची, उन्हाळ्यात ती गार करायची आणि छतातल्या झरोक्यांतून खाली सोडायची, एवढंच त्याचं काम. ते काम ते इमानानं करायचं, फक्त ऋतू चुकवून. जानेवारीत मी कोट घालून पोळ्या लाटायचे आणि जुलैत मी आणि पोळी एकदमच फुगायचो.

मे महिन्यात शहराच्या तपासनीस बाई आल्या. कॅरल त्यांचं नाव. त्यांनी छत पाहिलं, यंत्र पाहिलं, मला पाहिलं आणि सांगितलं, "हे काढा, नवं बसवा. सप्टेंबरात मी पुन्हा येईन. पास झालं तर ठीक, नाहीतर स्वयंपाकघर बंद."

सप्टेंबरात! सप्टेंबरात गणपती होते! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाची ऑर्डर त्या वर्षी पहिल्यांदा आम्हाला मिळाली होती. दोनशे पानं! मागच्या वर्षी ती जवळच्याच नोव्हाय गावच्या शैलाताईंकडे गेली होती आणि त्यांच्या मसालेभातात मसाला कुठे आहे हे लोक घरी जाईपर्यंत शोधत होते. स्वयंपाकघर बंद झालं असतं तर ऑर्डर परत त्यांच्याकडे. मी मिशिगन सोडून गेले असते, पण शैलाताईंचं "अगं सुलभा, काही मदत हवी का गं?" ऐकून घेतलं नसतं.

यंत्र बसवायला डेल नावाचा कंत्राटदार ठरला. सहा फूट उंच आणि बोलणं संथ. हळू बोलणाऱ्या माणसांचा तेव्हा मला भयंकर राग यायचा. भांडणात त्यांचा काही उपयोगच नसतो.

डेल म्हणाला, केवढं यंत्र घ्यायचं ते ठरवायला आत उष्णता किती तयार होते याचा तक्ता लागेल. झालं! यांच्या अंगात पुन्हा कंपनी संचारली. तीन दिवस हे पट्टी, पेन्सिल आणि थर्मामीटर घेऊन दुकानभर फिरले. चौथ्या दिवशी कागद टेबलावर ठेवून चहा प्यायला गेले आणि मी तो वाचला. 'उष्णतेचे स्रोत. एक, तवे. दोन, शेगड्या. तीन, माणसं. चार, वाइफ.'

"अहो!" मी एवढ्या जोरात ओरडले की सलूनमधल्या बाईनं कुणाच्या तरी बोटावर नको तिथे रंग लावला. "माणसांत धरली नाहीत मला?"

"अगं, धरली होती," हे शांतपणे म्हणाले. "हिशेब जुळेना. तू भांडायला लागलीस की काउंटरजवळचं तापमान खरंच वाढतं. मी दोनदा मोजलं."

"खोडा ते!"

"खोडतो."

खोडलं नाही. डेल तोवर त्या कागदाची प्रत घेऊन गेला होता. पण हे मला नंतर कळलं.

मग पुढचं भांडण जागेचं. डेलच्या नकाशात यंत्र छताच्या बरोबर मधोमध होतं. आणि मधोमध तर माझं वाळवण असायचं! आता कबूल करते. गेले दोन उन्हाळे मी छताला जाणारी मागची शिडी चढून, हे बाजारहाटाला गेले की गुपचूप कुरडया, पापड्या आणि मसाल्याच्या मिरच्या वर वाळत घालत होते. छतावर कंत्राटदाराशिवाय कुणी जायचं नाही असा मालकाचा नियम होता. पण मला सांगा, एवढं सपाट, काळं, तव्यासारखं तापणारं छत, वर स्वच्छ ऊन, आणि त्याचा उपयोग फक्त कावळ्यांना? असल्या उधळपट्टीचा मला संताप यायचा.

पण हे डेलला सांगायचं कसं? यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "मधोमध नको. आमच्या वास्तुशास्त्रात मधली जागा म्हणजे ब्रह्मस्थान. तिथे जड काही ठेवायचं नसतं."

हे उडालेच! "तू कधीपासून वास्तू मानायला लागलीस? घर घेताना दार दक्षिणेला आहे, नको म्हणणाऱ्या तुझ्याच आत्येला कोण हसलं होतं?"

"माणूस बदलतो."

"तीस वर्षांत नाही, आणि मंगळवारी दुपारी बदलतो?"

डेलनं मात्र टोपी काढून हातात घेतली. त्याला वाटलं, धर्माचा प्रश्न आहे. बिचाऱ्यानं आठवडाभर खटपट करून यंत्र कोपऱ्यात बसेल का ते तपासलं आणि परत येऊन अगदी दु:खानं सांगितलं, "मॅम, वजन पेलणारी तुळई मधेच आहे. कोपऱ्यात ठेवलं तर यंत्र खाली तुमच्या डाळींच्या पिंपात येईल. तुमच्या देवाची मी मनापासून क्षमा मागतो."

देवानं क्षमा केली असेल. मी नाही केली! क्रेन आली त्या दिवशी सकाळपासून मी धुमसत होते. जुनं खटारं उचललं, नवं धूड हवेत लटकलं, हे खाली उभे राहून "लेफ्ट! थोडं लेफ्ट!" असं ओरडत होते (क्रेनवाला यांच्याकडे बघतही नव्हता) आणि मी शिडीवरून डोकं बाहेर काढून माझ्या उन्हावर ते धूड उतरताना पाहत होते. तेवढ्यात डेल खाली वाकला. त्याच्या हातात पांढरं, वाळलेलं, तारांच्या गुंत्यासारखं काहीतरी होतं. माझी कुरडई! गेल्या वर्षीची, निसटलेली.

"मॅम, हे तुमच्या छताचं इन्सुलेशन सुटलंय का?"

"हो हो," मी म्हटलं. "फार जुनं छत आहे."

त्यानं ती पुरावा म्हणून पिशवीत घालून ठेवली.

यंत्र बसलं, गॅसची नळी जोडली. तपासणीच्या आदल्या दिवशी डेलनं मला वर नेऊन सगळं समजावलं. मी रागात असले की मला इंग्रजी कळत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणत होता, इथे ज्वाळा, इथे पंखा, आणि ही पुढे आलेली पत्र्याची छपरी आहे ना, हिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते, हिच्याजवळ काही ठेवायचं नाही. मी मान हलवत होते आणि मनात त्याच्या तुळईला शिव्या देत होते. छपरीखाली त्यानं पुठ्ठ्याच्या चार चौकटी टेकवून ठेवल्या. त्यांच्यात पांढरी, घड्या घातलेली जाळी होती. "ह्या उद्या शेवटी आत बसवायच्या. आधी पंखा फिरवून आतली धूळ बाहेर काढू," तो म्हणाला. मी ऐकलं नाही. मी फक्त पाहिलं. आणि मनात म्हटलं, वा! चार नव्याकोऱ्या चाळण्या!

आता माझी अडचण ऐका. महाप्रसादाच्या मसालेभाताला माझा कांदा-लसूण मसाला हवा. मसाल्याच्या मिरच्यांना ऊन हवं. आणि दोन दिवस आभाळ! तपासणीच्या सकाळी मात्र लख्ख ऊन पडलं. तपासनीस बाई अकराला येणार होत्या. दोन तासांत मिरच्या कडक होतील असा मी हिशेब केला, देठं काढून मोडलेल्या लवंगी मिरच्यांचा डबा घेतला आणि वर गेले. वारा होता. वारा लागणार नाही पण सकाळचं तिरकं ऊन येईल अशी एकच जागा होती, त्या धुडाच्या छपरीखाली. मी त्या चार चौकटींवर मिरच्या पसरल्या, वर माझी जुनी पिवळी हिरव्या काठांची साडी झाकली आणि खाली येऊन निवांत कणीक मळायला घेतली. त्या मेल्या यंत्राचा अखेर काहीतरी उपयोग झाला, म्हणून मी गुणगुणतही होते.

साडेदहालाच बाई आल्या. अमेरिकेतली माणसं वेळेवर येतात असं म्हणतात, आमच्याकडे आली ती वेळेच्या आधी! डेल होता, हे इस्त्रीचा शर्ट घालून होते, मेधा सुट्टी काढून आली होती. (आई भांडली तर आवरायला म्हणून यांनीच बोलावली होती.) मिरच्या आणायला आता वर कशी जाणार? मी स्वतःला समजावलं, बाई आधी खालचं बघणार आहेत, तोवर काहीतरी करू.

बाईंनी गॅसची नळी पाहिली, टिक केली. तवे पाहिले, टिक केली. मग म्हणाल्या, "आधी हीटर चालवून दाखवा."

भर उन्हात हीटर! डेलनं भिंतीवरचं बटण फिरवलं. वर धूड घुरघुरलं, पंखा फिरायला लागला, झरोक्यांतून गरम वारा आला. बाईंनी समाधानानं मान वर केली आणि एक खोल श्वास घेतला.

तो शेवटचा.

म्हणजे वाचल्या त्या! पण त्या वेळी तसं वाटलं नाही. बाई खोकल्या. डेल खोकला. हे सात शिंका ओळीनं शिंकले. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा, घशात आग, नाकात सुया. जेवायला बसलेला एक नागपूरचा मुलगा ताट हातात घेऊनच बाहेर पळाला.

"गॅस!" मी किंचाळले. "गॅस फुटला! सगळे बाहेर व्हा! मेधा, फायर ब्रिगेडला फोन लाव!"

"अगं, थांब जरा," हे शिंकता शिंकता म्हणाले. "हा ठसका..."

"गप्प बसा!"

"अगं पण हा मिरचीचा..."

"गप्प बसा म्हणते ना! इथे जीव जायची वेळ आलीये आणि तुम्हाला फोडणी सुचतेय!"

चाळीस वर्षं मी मिरच्या भाजल्या, कुटल्या, परतल्या. घरोघरच्या बायकांना नुसत्या वासावरून लवंगी आणि बेडगीतला फरक सांगितला. आणि त्या दिवशी माझ्याच मिरचीचा खकाणा माझ्याच नाकात जाऊन मला ओळखू आला नाही. राग हा सर्दीसारखाच आजार आहे, आधी नाक बंद होतं.

पाच मिनिटांत सगळी रांग पार्किंगमध्ये. सलूनमधल्या बायका एका हाताची नखं लाल आणि एका हाताची कोरी घेऊन उभ्या. ड्रायक्लीनरचं एक गिऱ्हाईक तर दुसऱ्याच कुणाच्या तरी कोटात. सायरन वाजवत लाल बंब आला. आणि मी? मी डेलसमोर कमरेवर हात ठेवून उभी होते.

"तुला यंत्र बसवता येत नाही! माझं दुकान उडवलं असतंस! शनिवारी माझ्याकडे दोनशे माणसं जेवायला आहेत, कळतंय का? दोनशे! माझी ऑर्डर त्या शैलाबाईंकडे गेली तर तुझी तुळई उपटून..." (पुढचं मराठीत बोलले. मेधानं भाषांतर करायला नकार दिला.)

"मॅम," डेल डोळे पुसत, अजूनही हळूच म्हणाला, "गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा गॅस नाही."

"मला वास शिकवतोस? मला?"

तेवढ्यात बंबावरचा एक धिप्पाड जवान छतावरून खाली आला. एका हातात गॅस मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात पिवळी, हिरव्या काठांची साडी.

"गॅस कुठेही नाही," तो म्हणाला. "हे कापड हवा ओढायच्या छपरीला घट्ट चिकटलं होतं. आणि त्याच्या आत... मॅम, वर कुणीतरी तिखट वाळत घातलंय."

पार्किंगमध्ये फक्त खोकले.

मेधा त्या साडीकडे पाहत राहिली. "आई. दॅट्स युवर हळदीकुंकू साडी."

"अशी साडी," मी म्हटलं, "ट्रॉयमध्ये खूप जणींकडे असेल."

"आई, सीरियसली? पदरावर डाग पण तोच आहे, श्रीखंडाचा!"

 यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ब्रह्मस्थान," एवढंच म्हणाले.

डेल वर गेला आणि त्याच्या चार चौकटी घेऊन खाली आला. घड्यांच्या जाळीत मिरच्यांच्या बिया अडकल्या होत्या. "मॅम," तो म्हणाला, "हे फिल्टर आहेत. हवा गाळायचे. काल तुम्हाला तीनदा सांगितलं." मग त्याला एकदम काहीतरी उमगलं. तो ट्रकपाशी गेला, पिशवीतली कुरडई घेऊन आला आणि माझ्यासमोर धरली. "मग हेसुद्धा?"

हीच ती दुसरी वेळ. मी गप्प बसले.

कॅरलबाईंनी फाइल मिटली. डोळे टोमॅटोसारखे झाले होते. "मी आज सही करू शकत नाही," त्या म्हणाल्या.

 मसालेभात, मोदक, दोनशे पानं, शैलाताईंचं "काही मदत हवी का गं?", सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि या खेपेला ओरडायला समोर कुणी नव्हतं. सगळा राग घेऊन मी ज्याच्याकडे वळावं, असं त्या पार्किंगमध्ये एकच माणूस होतं आणि ती मीच होते.

मी डेलकडे गेले. "सॉरी" हा शब्द इंग्रजीत फार हलका असतो म्हणतात. मला तो गव्हाच्या पोत्याएवढा जड गेला. "डेल, आय अ‍ॅम सॉरी. यंत्र चांगलं आहे. बाई वाईट आहे."

 डेल बाईंकडे वळून म्हणाला, "मॅम, माझ्या ट्रकमध्ये नवे फिल्टर आहेत. तासाभरात सगळं साफ करून पुन्हा चालवून दाखवतो. यांच्याकडे शनिवारी दोनशे माणसं जेवायला आहेत. तीन महिने मी रोज ऐकतोय. प्लीज, मला पुन्हा ऐकायला लावू नका."

माझ्या आरडाओरड्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा!

हातात केरसुणी घेऊन मी स्वतः छत झाडलं, एक एक बी वेचली. डेलनं आतून सगळं पुसलं, फिल्टर बसवले. दुपारी बटण फिरलं. बाईंनी आधी दारातूनच अगदी छोटा श्वास घेतला. मग थोडा मोठा. गरम हवा, मग गार हवा, दोन्ही निर्मळ. त्यांनी फाइल उघडली, पेन टेकवलं आणि थांबल्या.

"एक राहिलं. या तक्त्यात उष्णतेचा चौथा स्रोत म्हणून 'वाइफ' लिहिलंय. हे कुठलं उपकरण?"

यांनी छताकडे पाहिलं. मेधानं बुटांकडे पाहिलं. डेलनं नेहमीसारखं हळूच बोट माझ्याकडे केलं.

बाईंनी मला नीट न्याहाळलं. केसांत मिरचीच्या बिया, लाल नाक, काखेत पिवळी साडी, हातात केरसुणी आणि यांच्यावर ओरडायला नुकतंच उघडलेलं तोंड.

"आकडा कमी धरलाय," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

शनिवारी दोनशे पानं उठली. मसालेभात दोनदा संपला. (मसाला बाजारातून आणला होता. हे शैलाताईंना अजून माहीत नाही.) या देशात आलेल्या आपल्या माणसांनी काय काय कमावलं! कुणाच्या नावावर पेटंटं आहेत, कुणाच्या नावावर कंपन्या. माझं विचाराल, तर ट्रॉय शहराच्या दफ्तरात कुठल्यातरी फाइलीत मी उष्णतेचा स्रोत म्हणून नोंदलेली आहे, सही-शिक्क्यानिशी मंजूर!